फळांच्या सॅलडला सुटणारे पाणी आणि व्हिनेग्रेटवर आलेला आळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलमध्ये घरी डोहाळजेवण आहे, माणसे सुमारे तीस. जेवणात नेहमीच्या पदार्थांबरोबर ताज्या फळांचे आणि पुदिन्याचे सॅलड ठेवावे आणि त्याचे व्हिनेग्रेट, म्हणजे तेल आणि व्हिनेगर घुसळून केलेले ड्रेसिंग, घरीच करावे, अशी आपली इच्छा आहे. रंगीत तालीम म्हणून आपण सकाळी नऊ वाजता कलिंगड, पपई, सफरचंद, केळे आणि डाळिंब एकत्र केले, तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर या प्रमाणातले ड्रेसिंग त्यावर ओतले, पुदिना चिरून घातला आणि भांडे फ्रीजमध्ये ठेवले. दुपारी एक वाजता तळाशी वाटीभर पाणी, वर तेलाचे डोळे आणि काळा पडलेला पुदिना असे दृश्य दिसले. त्यावरून आपण विचारले आहे की, कोणते तेल आणि कोणते व्हिनेगर घेतले म्हणजे ड्रेसिंग फुटणार नाही.

पुण्यात घरगुती समारंभांची जेवणे करून देण्याचा माझा व्यवसाय आहे आणि ही तक्रार मला नवी नाही. माझे मत स्पष्ट सांगतो. आपले ड्रेसिंग बिघडलेले नव्हते आणि महागडी बाटली आणल्याने काही सुधारणारही नाही. अडचण पाण्याची आहे आणि ते पाणी फळांतून आलेले आहे. ते कधी सुटते, कशामुळे सुटते आणि वाढण्याच्या वेळेपर्यंत त्याला कसे थोपवायचे, हा खरा प्रश्न आहे. तेल-व्हिनेगरची निवड त्यानंतर येते.

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि काकडीत त्याहूनही जास्त. साल असेपर्यंत हे पाणी पेशींमध्ये बंदिस्त असते. सुरी फिरली की कापलेल्या पृष्ठभागावरच्या पेशी फुटतात आणि त्यांतला रस लगेच बाहेर येतो, पण तो थोडा असतो. खरा ओघ सुरू होतो तो मीठ किंवा साखर लागल्यावर, कारण फोडीबाहेरचा द्रव आतल्या रसापेक्षा खारट किंवा गोड झाला की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. पाहायचे असेल तर कलिंगडाची एक फोड कोरड्या ताटलीत ठेवून तिच्यावर चिमूटभर मीठ भुरभुरावे. मिठाचे दाणे आधी चकाकतात, मग दिसेनासे होतात आणि थोड्याच वेळात फोडीच्या बुडाशी गुलाबी पाण्याचे कडे तयार होते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालावे, हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असते. आपल्या सॅलडमध्ये मीठ आणि मध ड्रेसिंगमध्ये मिसळलेले होते, म्हणून ते नजरेतून सुटले इतकेच. त्या मिठाला फळांवर काम करायला चार तास मिळाले.

आता थोडा हिशेब करू. समजा, सॅलडमध्ये दोन किलो कलिंगड आहे आणि त्याच्या वजनाच्या केवळ एक दशांश इतके पाणी सुटले, तर ते २०० मिलिलिटर होते. तीस माणसांच्या सॅलडला सगळे मिळून ड्रेसिंग ३०० मिलिलिटरच्या आसपास लागते. म्हणजे ड्रेसिंगच्या दोन तृतीयांश इतके पाणी त्यात मिसळले. अशा पातळ झालेल्या द्रवात कोणतेही तेल तग धरत नाही, मग ते इटलीहून आलेले असो की कोपऱ्यावरच्या घाण्यातले.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. कलिंगड किती पिकले आहे, आपल्या फ्रीजमध्ये पसरट भांडी मावतात का, जेवण घरात आहे की पंखेही अपुरे पडणाऱ्या हॉलमध्ये, ताटे वाढायची आहेत की पाहुणे स्वतः घेणार आहेत, यानुसार वेळा मागेपुढे होतील. पुढचे सगळे मी घरातले जेवण, एक घरगुती फ्रीज आणि पुण्याचा एप्रिल गृहीत धरून लिहितो आहे.

प्रथम फळे. आपल्या यादीतून मी तीन फळे काढीन. पपई काढण्याचे कारण स्वयंपाकाचे नाही. डोहाळजेवणाला पपई आणि अननस दिसले की कोणीतरी ज्येष्ठ बाई भुवया उंचावणारच. कच्च्या पपईचा चीक गरोदरपणात टाळावा हे योग्यच आहे. पिकलेल्या फळाविषयी डॉक्टर काय म्हणतात हा वेगळा विषय आहे, पण तो वाद पंगतीत सोडवायचा नसतो आणि उत्सवमूर्तीने ताटातले फळ बाजूला सारावे अशी वेळ आपण आणू नये. केळे काढावे, कारण ते काळे पडते आणि आंबट ड्रेसिंगमध्ये त्याचा लगदा होतो. सफरचंद एप्रिलमध्ये शीतगृहातले असते, बहुधा पिठूळ निघते आणि कापल्यावर तपकिरी पडते. लिंबू पिळलेल्या पाण्यात फोडी बुडवून तो रंग रोखता येतो, परंतु ज्या ऋतूत बाजार रसाळ फळांनी भरलेला असतो त्या ऋतूत हा खटाटोप कशासाठी करावा, हे मला समजत नाही.

त्याऐवजी कलिंगड, खरबूज, द्राक्षे, डाळिंब, काकडी आणि थोडी तोतापुरी कैरी घ्यावी. नाशिककडची द्राक्षे एप्रिलमध्ये हंगामाच्या शेवटाला आलेली असतात, पण गोडीला चांगली असतात. जेवणात इतर पदार्थ असताना माणशी १३० ते १४० ग्रॅम कापलेले फळ पुरते, म्हणजे एकूण चार किलोंच्या आसपास. त्यासाठी साडेतीन किलोंचे एक कलिंगड, दीड किलो खरबूज, पाऊण किलो द्राक्षे, दोन मोठी डाळिंबे, अर्धा किलो काकडी आणि एक कैरी आणावी. कलिंगडाचा तिसरा हिस्सा तरी सालीत आणि पांढऱ्या गरात जातो, हे धरूनच हे वजन सांगितले आहे. हापूस कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा. व्हिनेगर आणि मिरपूड लावून हापूस खाणे मला पटत नाही, तो वेगळा कापून ठेवावा.

कापण्याआधी कलिंगड आणि खरबूज अख्खे असतानाच वाहत्या पाण्याखाली घासून धुवावे. खरबुजाच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकलेले असतात आणि सुरी त्यांना थेट गरात घेऊन जाते. जेवण गरोदर स्त्रीसाठी आहे, म्हणून हा भाग मी अधिक जोर देऊन सांगतो. कांदा-लसूण चिरायचा पाट फळांसाठी वापरू नये. कितीही धुतला तरी त्याचा वास खरबुजाला लागतो आणि पहिल्या घासालाच कळतो.

सुरीला धार हवी. बोथट सुरी पेशी चिरडते आणि पाणी तेथूनच गळू लागते. फोडी इंचभर तरी मोठ्या ठेवाव्यात, कारण फोड जितकी लहान तितका कापलेला पृष्ठभाग जास्त आणि तितके पाणीही जास्त. काकडीच्या मधल्या बिया चमच्याने खरवडून काढाव्यात. द्राक्षे मात्र उभी अर्धी करावीत, कारण अख्ख्या द्राक्षाच्या गुळगुळीत सालीवरून ड्रेसिंग निथळून जाते, शिवाय लहान मुलांच्या घशात अख्खे द्राक्ष अडकू शकते. कैरीचे काडीसारखे पातळ तुकडे करावेत.

कलिंगड, खरबूज आणि काकडी कापल्यावर मोठ्या चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर झाकण, आणि सगळे फ्रीजमध्ये एक तास, ही पायरी गाळू नये. कापताना फुटलेल्या पेशींचा रस या वेळात खाली निथळतो आणि फोडी थंड व तुलनेने कोरड्या होतात. ओल्या फोडीवर तेलकट ड्रेसिंग टिकत नाही, कोरड्या फोडीवर ते धरून बसते. खाली जमलेला रस लिंबू पिळून पिऊन टाकावा. तो ड्रेसिंगमध्ये घालण्याचा मोह होतो, पण जे पाणी काढायला तासभर घालवला तेच परत ओतण्यात अर्थ नाही.

आता पुदिना. पुदिन्याचे पान दोन कारणांनी काळवंडते. एक म्हणजे चिरडणे. ओले पान बोथट सुरीखाली आले की त्याच्या कडा चिरडतात आणि बघता बघता गडद होतात. दुसरे कारण आंबट. लिंबू किंवा व्हिनेगर लागून पान पडून राहिले की त्याचा हिरवा रंग शेवाळी होतो, आणि हे कोणत्याही हिरव्या पानाचे होते. त्यात भर तेलाची. पानावर मेणासारखा पातळ थर असतो, सुटे तेल त्यातून आत शिरते आणि पान मलूल होते. म्हणून पाने सकाळीच खुडून धुवावीत, सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावीत, कागद अंथरलेल्या डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवावीत आणि अगदी वाढण्याच्या वेळी सॅलडमध्ये टाकावीत. लहान पाने अख्खी, मोठी हाताने दोन-तीन तुकडे करून. दोन मध्यम जुड्या पुरतात.

पुदिन्याबरोबर थोडी कोवळ्या देठांची कोथिंबीर चालते. कुंडीत सब्जा असेल तर त्याची दहा-बारा पाने कलिंगडाबरोबर फार छान लागतात. बाजारात बेसिल म्हणून महाग मिळते ते याच जातकुळीतले. काकडी-कैरीच्या बाजूला चिमूटभर शेपू घालून पाहावा, पण तीस माणसांत शेपू न आवडणारे सहा तरी निघतात, म्हणून तो वेगळ्या वाटीत ठेवावा. तुळस घालू नये. तिची लवंगेसारखी तिखट चव फळांवर मात करते आणि घरातल्या मोठ्यांना तुळशीची पाने तेल-व्हिनेगरमध्ये बुडवलेली रुचणार नाहीत.

येथपर्यंत एवढे ठरले की, फळे कोरडी आणि थंड हवीत, पाने कोरडी आणि वेगळी हवीत. ड्रेसिंगची पाळी आता येते.

तीनास एक हे प्रमाण मुळात कडवट पालेभाज्यांच्या सॅलडसाठी प्रचलित आहे. फळे गोड असतात आणि कितीही काळजी घेतली तरी थोडे पाणी सोडतातच, म्हणून त्यांना आंबटपणा जास्त लागतो. मी दोनास एक घेतो. चार किलो फळांसाठी पोह्याचे मोठे चमचे, म्हणजे १५ मिलिलिटरचे, मोजून दहा चमचे तेल, पाच चमचे आंबट, तीन चमचे मध, एक मोठा चमचा फेसलेली मोहरी, दीड छोटा चमचा मीठ आणि भरड कुटलेली मिरी. एवढे ड्रेसिंग पाहून ते कमी वाटेल, पण कोरड्या फोडींना ते पुरते.

मोहरीचे काम येथे चवीपुरते नाही. तेल आणि आंबट पाणी स्वभावतः एकत्र राहत नाहीत. मोहरीतील प्रथिने आणि चिकट द्रव्ये तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसून त्यांना काही काळ वेगळे होऊ देत नाहीत. त्यासाठी बाटलीतले परदेशी मस्टर्ड चालते, परंतु केळ्याच्या किंवा डाळिंबाच्या कोशिंबिरीसाठी आपण जी मोहरी फेसतो तीही उत्तम काम करते. एक चमचा मोहरी, चिमूट मीठ आणि दोन चमचे गार पाणी खलात घेऊन घोटत राहावे. आधी नुसते काळे-पिवळे ओले भरड दिसते, मग रंग फिका होत जातो, कडेला फेस धरतो आणि खलावर वाकून पाहिले तर झणका थेट नाकात जातो. तो आला की पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि मगच तिच्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालावे. मोहरी पाण्यात चिरडली गेल्यावर झणका तयार होतो आणि आंबट घातले की ती क्रिया थांबते. घाईने आधीच लिंबू पिळले तर मोहरी मिळमिळीत राहते. गरम पाणी वापरले तर झणका येतच नाही.

आंबट कोणते घ्यावे, याचे माझे उत्तर निम्मे लिंबू आणि निम्मे व्हिनेगर असे आहे. लिंबाने ताजेपणा येतो, व्हिनेगरने खोली. लिंबाचा रस त्याच दिवशी काढावा, शिळा रस कडवट लागतो. एप्रिलमध्ये लिंबे महाग असतात, तरी आपल्याला तीन-चारच लागतील. व्हिनेगर ॲपल सायडरचे घ्यावे. गोव्याहून कोणी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आणून देत असेल तर तेच घ्यावे, कलिंगडाशी त्याचे विशेष जमते. ज्या बाटलीवर सिंथेटिक लिहिलेले असते ते पांढरे व्हिनेगर लोणच्याच्या मिरच्यांना ठीक आहे, येथे त्याचा नुसता चटका लागतो. कोकमाचे आगळ वापरायचे असेल तर व्हिनेगरच्या जागी वापरावे आणि वरचे मीठ अगदी कमी करावे, कारण आगळ मुळातच खारट असते.

तेलाबाबत आपण ऑलिव्हचा आग्रह धरला आहे, तो चुकीचा नाही, आवश्यकही नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंचित कडवट-तिखट असते आणि गोड फळांना ते शोभते, मात्र मिक्सरमध्ये फार फिरवले तर कडवटपणा वर येतो, म्हणून हाताने घुसळावे. करडईचे तेल मला या कामासाठी फार सोयीचे वाटते, कारण त्याला उग्र वास नसतो आणि फ्रीजमध्ये ते गोठत नाही. ऑलिव्ह आणि शेंगदाण्याची तेले थंडीने गढूळ होऊन थिजतात. त्यात काही बिघाड नाही, पण वाढण्याआधी अर्धा तास ती बाहेर काढावी लागतात. घाण्याचे शेंगदाणा तेल काकडी-कैरीवर चांगले लागते, परंतु खरबुजाचा सुगंध ते झाकून टाकते, आणि पाहुण्यांत कोणाला शेंगदाण्याचे वावडे असेल तर तो वेगळाच धोका.

कृतीत क्रम महत्त्वाचा आहे. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून आधी आंबटात मीठ, मध आणि मोहरी नीट मिसळावी आणि मगच तेल बारीक धारेने घालत घुसळावे. धार धरायचा कंटाळा असेल तर सगळे मोठ्या बरणीत घालून, बरणी एक तृतीयांश रिकामी ठेवून, घट्ट झाकण लावून जोरात हलवावे. मिश्रण दाट आणि अपारदर्शक झाले की तयार. तासाभराने बरणीत पुन्हा दोन थर दिसतील. त्याला बिघडणे म्हणू नये, व्हिनेग्रेटचा जोड तात्पुरताच असतो. वाढण्यापूर्वी बरणी पुन्हा हलवली की काम झाले. चव पाहताना बोट किंवा चमचा बुडवू नये, कारण नुसते ड्रेसिंग नेहमीच फार आंबट लागते आणि माणूस मध वाढवत सुटतो. कलिंगडाची एक फोड बुडवून खावी आणि मग ठरवावे.

लसूण किसून घालण्याचा विचार असेल तर सोडून द्यावा. फळांना तो नको असतोच, शिवाय तेलात बुडालेला कच्चा लसूण खोलीच्या तापमानाला ठेवणे सुरक्षित नसते.

त्या दिवसाचे वेळापत्रक असे ठेवावे. जेवण साडेबाराला ठरले असेल तर दहाच्या सुमारास फळे कापून चाळणीत, अकरापर्यंत निथळलेली फळे झाकलेल्या डब्यांत, तोवर ड्रेसिंग बरणीत तयार. द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे वेगळ्या डब्यात, पाने तिसऱ्यात. पुढे मात्र घड्याळाकडे पाहू नये, माणसांकडे पाहावे. ओटी भरणे, गाणी, उखाणे, फोटो यांत डोहाळजेवणाचे जेवण ठरल्या वेळेला सुरू झालेले मी क्वचितच पाहिले आहे. पहिली ताटे मांडली जाऊ लागली की निम्मी फळे परातीत काढावीत, निम्मे ड्रेसिंग घालून दोन्ही हातांनी खालून वर हलकेच परतावीत, शेवटी पाने आणि डाळिंबाचे दाणे पसरावेत आणि लगेच वाढावे. उरलेली निम्मी फळे दुसऱ्या खेपेसाठी फ्रीजमध्येच राहू द्यावीत. कापलेली फळे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. एप्रिलची दुपार दुसऱ्या प्रकारात मोडते. पाहुणे स्वतः घेणार असतील तर परात बर्फ भरलेल्या मोठ्या ताटावर ठेवावी.

चाट मसाला कोणीतरी मागेलच. तो सॅलडमध्ये घालू नये, वाटीत बाजूला ठेवावा. त्यातले काळे मीठ तेच करते जे साधे मीठ करते. आणि समारंभाला तान्ही बाळे येणार असतील तर एक वर्षाखालच्या बाळाला यातली मध लागलेली फोड चोखायला देऊ नये, असे घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे.

ड्रेसिंग लावलेले सॅलड उरले तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. फ्रीजमध्येच राहिलेली कोरडी फळे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली लागतात. ड्रेसिंग थोडे जास्तच करा, कारण पाने न घातलेले ड्रेसिंग बंद बरणीत फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते आणि मोड आलेले मूग, किसलेले गाजर किंवा उकडलेले बीट यांच्यावर घालता येते.